माझ्या नावाची सही

सोमवार, ८ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, हिची रोजची प्रगती एका वहीत लिहून ठेवत जा. वही आणली. अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले. बोलणं परत आलं, चालणं काठीवर आलं, उजवा हात अजून कुणीतरी मांडीवर विसरून गेल्यासारखा पडून असतो. झाली प्रगती. उरलेल्या पानांवर मी माझंच रडगाणं लिहिणार आहे. ही वही डॉक्टरांना दाखवायची नाही.

आज तीन कवळ्या पूर्ण केल्या, एक परत आली. पेशंट म्हणतो, टोचते. टोचणारच, दात काय पिसाचे असतात का? दिवसभर प्लास्टर घोटायचं, मेण तासायचं, दुसऱ्याचं हसू बसवायचं आणि घरी यायचं. आज घरी यायला आठ वाजले. वरच्या मजल्यावरच्या मावशी दिवसभर हिच्यापाशी बसतात. मी आलो की चपला घालून उभ्याच असतात. त्यांचंही वय झालंय, किती दिवस बसतील.

ही खिडकीपाशी होती. जेवलीस का? हं. गोळ्या घेतल्या? हं. व्यायामाच्या बाई आल्या होत्या? हं. एवढा संवाद. एके काळी हिला गप्प बसवायला मला पेपर तोंडासमोर धरावा लागायचा.

बुधवार, १० ऑक्टोबर

व्यायामाच्या बाईंनी मला दारात गाठून सांगितलं, हातात जीव आहे, यांच्या मनात नाही. चेंडू दाबा म्हटलं की दाबतात, पण कशाला दाबायचा ते त्यांना पटत नाही. मलाही पटत नाही, पण हे बाईंना कसं सांगू?

लॅबमध्ये मालकांशी बोललो. आठवड्यातून तीनच दिवस आलो तर चालेल का? चालेल म्हणाले, पण पगारही तीन दिवसांचा. पेन्शन सुरू व्हायला अजून दोन वर्षं आहेत. दोन वर्षं अर्ध्या पगारात औषधं, भाडं, व्यायामाच्या बाई, सगळं कसं बसवायचं? दात आहेत तर चणे नाहीत. आणि आमचा तर धंदाच दातांचा.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

लॅबचा हिशेब बघायला महिन्यातून एकदा हिशेबनीस येतात. चहा घेताना त्यांच्यापुढे हेच गाऱ्हाणं गायलं. ते म्हणाले, पेन्शन कसली आहे? म्हटलं, खाजगी योजना आहे, वीस वर्षं दरमहा पगारातून भरतोय. त्यावरची करसवलत घेताच ना? म्हटलं, कसली सवलत?

त्यांनी कप खाली ठेवला. मी त्यांच्या देखत नागडा झाल्यासारखं बघितलं माझ्याकडे.

मग समजावून सांगितलं. पगारावर कर कापला गेलाय. त्याच पगारातून मी म्हातारपणासाठी पैसे भरतोय. जेवढे भरले, त्यांवरच्या कराचा काही भाग परत मिळतो, पण मागावा लागतो. न मागता कोणी आणून देत नाही. आणि मागं जाऊन फक्त चार वर्षांचं मागता येतं. त्यातलं सगळ्यात जुनं वर्ष तीस नोव्हेंबरला बाद होईल. नेमकं त्याच वर्षी मी रविवारीही काम करून एक ठोक रक्कम भरली होती. चारही वर्षांचं मिळालं तर दोन वर्षं अर्ध्या पगारात निभेल. ते एक वर्ष गेलं तर नाही निभणार. हिशेबनिसांनी कागदावर मांडूनच दाखवलं.

करायचं काय? पेन्शन कंपनीकडून पैसे भरल्याचा दाखला आणायचा आणि त्यांच्या हातात द्यायचा. बाकीचं ते बघतील. एवढंच. वीस वर्षं एवढंच केलं नाही मी.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

दाखल्यासाठी पाठवलेला अर्ज परत आला. कारण : अर्जदाराची सही आमच्याकडील नमुन्याशी जुळत नाही.

माझी सही, माझ्याच नावाची, माझ्याशी जुळत नाही. लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी काढून त्यांच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक चष्मेवाला गृहस्थ होता, शांत, कंटाळलेला, माझ्यासारखाच. त्याने पडद्यावर नमुना उघडून माझ्याकडे फिरवला, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सही हिची होती.

वीस वर्षांपूर्वी एजंट घरी आला तेव्हा मी मोरीत प्लास्टरचे हात धूत होतो. तिथूनच ओरडलो, तूच ठोक सही. हिने ठोकली. पहिल्या अक्षराचं पोट मोठं, वरची रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे लांब गेलेली, तिची शेपटी खाली वळवलेली, आणि शेपटीखाली दोन टिंबं. मग ती घरची रीतच पडली. बँक, वीज, लेकीचं प्रगतिपुस्तक, सगळीकडे माझ्या नावाने हीच. मी फक्त लॅबच्या पावतीवर एक अक्षर खरडतो. खरं सांगायचं तर मला सही अशी नाहीच.

चष्मेवाल्याला मी यातलं काही बोललो नाही. हात बिघडलाय म्हटलं, सही बदललीय. तो म्हणाला, मग सोपं आहे, ओळखपत्र घेऊन या, माझ्यासमोर नवीन सही करून द्या, जुनी रद्द होईल आणि दाखला लगेच हातात. दहा मिनिटांचं काम. ओळखपत्र घरी राहिलं होतं. उद्या येतो म्हटलं.

संध्याकाळी हिला सांगितलं. सही जुळत नाही म्हणतात, कारण ती तुझी आहे. हसेल असं वाटलं होतं. तिने खिडकीकडून मान वळवली. पाच महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण माझ्याकडे बघितलं.

"मग आता?"

मी नवीन सहीचं सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं.

"कागद आणा," ही म्हणाली. "आणि पेन."

मी तोंड मिटलं आणि कागद आणला.

बुधवार, २४ ऑक्टोबर

ओळखपत्र घेऊन गेलो नाही.

शनिवार, २७ ऑक्टोबर

पेन बोटांत टिकत नाही. अंगठा दाबला की तर्जनी सुटते, तर्जनी धरली की पेन गडगडत पलंगाखाली. चादरीवर शाईचे डाग पडले आणि मी नको तेवढा ओरडलो. मग जाऊन चादर भिजत घातली. राग तिच्यावर नव्हता. कोणावर होता कुणास ठाऊक.

मग सुचलं. लॅबमधून मेण आणलं, गरम पाण्यात मऊ केलं, पेनभोवती गुंडाळलं आणि हिच्या मुठीत दिलं. दाब म्हटलं. चेंडू दाबताना तोंड वाकडं करते, पण हे दाबलं. तिच्या बोटांचे खळगे मेणात उठले. त्यावरून साचा करून आज कवळीच्याच मालातून पेनाची मूठ ओतली. रंग हिरडीचा, आमच्याकडे दुसरा रंगच नसतो. हिने ती उलटसुलट करून बघितली.

"कुणाच्या तोंडातून काढलीत?"

पाच महिन्यांतला पहिला टोमणा. मी मोरीत जाऊन उगाच हात धूत उभा राहिलो.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

आता रोजचा क्रम असा. मी येतो, चहा टाकतो, टेबल खिडकीपाशी ओढतो. लेकीच्या जुन्या प्रगतिपुस्तकावरची सही समोर ठेवून मी वरच्या ओळीत एक काढून देतो, तिने खाली गिरवायची. लहानपणी शाळेत गिरवायचो तशी.

पहिल्या दिवशी मी काढली तेव्हा हीच म्हणाली, नाव तुमचं आणि तुम्हालाच येत नाही. पोट फार फुगवलंत, बाळंतपणाला आलंय ते. शेपटी कुठाय? मी दिवसभर लोकांचे दात हुबेहूब उतरवणारा माणूस, आणि एक शेपटी जमेना. ती डाव्या हाताने माझा हात धरून वळण दाखवते. असं वर, मग सोडून द्यायचं, ओढायचं नाही.

तिची स्वतःची मात्र अजून रेघोट्याच. पहिलं अक्षर कोसळतं. दमली की पेन ठेवते आणि माझ्याकडून आणखी दोन काढून घेते, म्हणते, नमुना चांगला असेल तर गिरवणारा शिकेल.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

हिशेबनिसांचा फोन. दाखल्याचं काय झालं? मी म्हटलं, कंपनी वेळ लावतेय. धडधडीत खोटं. ते म्हणाले, तीसच्या पुढे मला काही करता येणार नाही हं, मग माझ्या नावाने खडे फोडू नका.

फोन ठेवल्यावर बराच वेळ कवळ्या घासायचं यंत्र नुसतंच चालू ठेवलं. दहा मिनिटांचं काम आहे. का जात नाही मी? गेलो की नवीन सही होईल, हिची रद्द. मग संध्याकाळी टेबल ओढून काय गिरवायचं? व्यायामाच्या बाई काल म्हणाल्या, बोटांत फरक आहे, काय करता तुम्ही लोक? चेंडू परत नेलाय त्यांनी, नको म्हणाल्या आता.

मावशी एक बोलल्या. दुपारी हिने फोन मागून घेतला आणि दार लोटून कुठल्याशा ऑफिसात बराच वेळ बोलली म्हणे, गिरवायला लागली त्या पहिल्या आठवड्यातही एकदा बोलली होती. औषधांचं असेल. नाहीतर लेकीला माझ्या तक्रारी सांगत असेल.

बुधवार, १४ नोव्हेंबर

आज गंमत झाली. हिने सही केली आणि ती जवळजवळ बरोबर आली. पोट, रेघ, सगळं. मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, हीच, हीच अर्जावर कर. तिने क्षणभर बघितलं, कागद डाव्या हातात चुरगाळला आणि टोपलीत टाकला.

म्हटलं, अगं वेडी का काय? तर म्हणे, शेपटी बिघडली होती. घाई करू नका. मी टोपलीतून कागद काढून उलगडला. शेपटीला काय धाड भरली होती मला दिसली नाही. बायकांचं सगळ्यात असंच, स्वयंपाकातही मीठ बरोबर असताना नाही म्हणतात.

झोपताना सहज म्हणाली, तुमचं ओळखपत्र कपाटातल्या वरच्या खणात आहे, निळ्या पाकिटात. म्हटलं, असू दे की. हिला आवराआवरीची पुन्हा आठवण होतेय, म्हणजे बरं लक्षण. दाढी करत जा, हेही म्हणाली.

मंगळवार, २० नोव्हेंबर

लेकीचा फोन आला. आई फोनवर हसली म्हणाली, काय केलंत बाबा? म्हटलं, काही नाही, मी शाळेत जातो आणि आई मास्तरीण आहे. लेक रडली. हल्ली आमच्या घरात कोण कशाला रडेल सांगता येत नाही.

आज मी पूर्ण पान भरून काढली. हिने लाल पेनाने दोनच चुकीच्या दाखवल्या. तिच्या सहीचा आज मात्र पार बोजवारा. मागच्या आठवड्यापेक्षा वाईट. एक पाऊल पुढे, दोन मागे. मला आता भीती वाटते.

सोमवार, २६ नोव्हेंबर

चार दिवस राहिले. आज कामात लक्ष नव्हतं, एका कवळीला पुढचे दात उलट्या क्रमाने बसवले. मालकांनी बघितलं आणि ती सुधारायला स्वतःच बसले, ते जास्त लागलं.

एका बाजूला ते वर्ष. ते गेलं तर मी आणखी दोन वर्षं सकाळी निघणार, मावशींच्या पायांत गोळे येणार, आणि ही दिवसभर खिडकीत. दुसऱ्या बाजूला हिचा हात. आज जाऊन सही बदलून आलो आणि सांगितलं, बाई गं, तुझी गरज लागली नाही, तर? ज्या गोष्टीसाठी ती पाच महिन्यांनी वळली, तीच मी दहा मिनिटांत रद्द करून यायची. न सांगता बदलून यावी आणि हिला गिरवू द्यावं, हेही मनात आलं. पण हिच्यापासून मी एक खोटं लपवतोय तेच जड जातंय, दुसरं कुठे ठेवू.

थकलो. कामाने नाही. असं रोज दोन्हीकडून ओढलं जाण्याने माणूस थकतो. संध्याकाळी चहात साखर दोनदा घातली. हिने प्यायला मुकाट्याने.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

आज टेबल ओढायला गेलो तर ही म्हणाली, राहू द्या. बसा. समोर टेबलावर निळं पाकीट ठेवलेलं होतं. कपाटापर्यंत काठी टेकत स्वतः गेली असणार, मावशी जाऊ देत नाहीत.

"उद्या हे घेऊन जा आणि तुमची सही करून या."

मी म्हटलं, म्हणजे?

"पहिल्याच आठवड्यात मी फोन केला होता पेन्शनवाल्यांना. नवीन सही देता येते, दहा मिनिटांचं काम आहे म्हणाली तिथली बाई. नंतर पुन्हा विचारून घेतलं, तीस तारखेलाही चालतं."

माझं डोकंच चालेना. महिनाभर मी हिच्यापासून जे लपवत होतो ते हिला माझ्याइतकंच माहीत होतं. विचारलं, मग इतके दिवस हे सगळं कशाला केलंस? त्या दिवशी चांगली आलेली सही चुरगाळलीस कशाला?

ती पेनाची मूठ चाचपत होती.

"तुम्ही सहाला घरी यायला लागला होतात," म्हणाली.

सहाला येतो का मी? येतो. आधी आठला यायचो, काम नसलं तरी. लॅबमध्ये जबडे मांडून बसायचो, कारण ते माझ्याकडे बघत नाहीत. मला वाटायचं हिला कळत नाही. इथे खिडकीत बसून ही रस्ता बघत होती की मला, ते मी कधी विचारलंच नाही. मी खूप वेळ रडलो. लाज वाटली नाही. ही म्हणाली, पुरे आता, उद्या डोळे सुजलेले दिसले तर ओळखपत्रावरचा फोटोही जुळायचा नाही.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

सकाळी दार उघडायच्या आधीच रांगेत उभा होतो. चष्मेवाल्याने मला ओळखलं. उद्या येतो म्हणून गेलात ते महिन्याने आलात, म्हणाला. नवीन सहीचा कागद पुढे सरकवला. तीन चौकटी, तिन्हीत करा, सावकाश.

मी केल्या. त्याने कागद घेतला, पडद्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे, चष्मा कपाळावर नेऊन पुन्हा पडद्याकडे.

"अहो, ही तर जुळतेय. बदलायची कशाला?"

मी वाकून बघितलं. मोठं पोट, लांब रेघ, वळवलेली शेपटी, दोन टिंबं. माझ्या हाताने दुसरी सही काढलीच नव्हती. दुसरी त्याला येतच नाही. चष्मेवाला म्हणाला, मग जुनीच राहू देऊ? मी मान हलवली. त्याने नवीन नमुन्याचा कागद फाडला आणि दाखला छापून दिला.

तिथून धावतच हिशेबनिसांकडे. त्यांनी दाखला बघितला, घड्याळ बघितलं, माझ्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला आणि माझ्यासमोरच चारही वर्षांची मागणी दाखल केली. पैसे यायला वेळ लागेल, पण येतील. लॅबमध्ये जाऊन मालकांना सांगितलं, नवीन वर्षापासून तीन दिवस. ते म्हणाले, उलटे दात बसवण्यापेक्षा बरं.

घरी चारलाच पोचलो. मावशी दचकल्या, चपला घालायच्या राहिल्या होत्या त्यांच्या. हिने विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, जुळली म्हणाला. तुझीच राहिली. करून दाखव म्हणाली, दाखवली. कागद खिडकीच्या उजेडात धरून बघितला. शेपटी जरा आखूड आहे, पण चालेल, म्हणाली. खूश होती. मी चहा टाकला, साखर एकदाच.

मग सवयीने टेबल ओढलं. आता काय गिरवणार, असं मी म्हणायच्या आत तिने नवा कागद माझ्यापुढे ठेवला.

"वरच्या ओळीत आता माझी काढून द्या."

"तुझी काय?"

"सही. माझ्या नावाची."

मी पेन उचललं आणि तसाच बसलो. बत्तीस वर्षांचा संसार. वाणी, बँक, शाळा, पेन्शन, सगळीकडे माझं नाव, हिच्या हातचं. हिची सही मी कधी पाहिलीच नव्हती. विचारलं, कशी आहे गं तुझी सही? तिने खरोखर आठवून बघितलं. लग्नाच्या नोंदणीत केली होती एकदा, म्हणाली. कशी केली होती ते आता आठवत नाही.

मी वरच्या ओळीत तिचं नाव लिहिलं. साधं, सुटं, लहान मुलाला लिहून देतात तसं. तिने कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि पेन मुठीत बसवलं.